आडून ऐकलेल्या गोष्टी

ग्रिम बंधूंवरचा एक जुना अमेरिकन सिनेमा आणि देगलूर यांची सांगड घालणं म्हणजे ओढून चंद्रबळ आणणं, असं ही पुस्तिका हातात घेताना कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. तिकडे जर्मनीतली जंगलं, किल्ले आणि टोकदार टोप्या घातलेले बुटके. इकडे नांदेड–हैदराबाद रस्त्यावरचा आपला तालुका, जिथून घटकाभरात तेलंगण लागतं आणि वाट थोडी वाकडी केली की कर्नाटक. पुस्तिकेच्या पहिल्या भागात त्या सिनेमाची ओळख आहे आणि दुसऱ्या भागात देगलूरच्या आसपास ऐकलेल्या गोष्टी. हे दोन भाग एकाच दोऱ्यात का ओवले, ते सांगायला ही प्रस्तावना.

सिनेमाचं नाव ‘द वंडरफुल वर्ल्ड ऑफ द ब्रदर्स ग्रिम’. तो आला १९६२ साली. हेन्री लेविननं ग्रिम बंधूंच्या आयुष्याचा भाग दिग्दर्शित केला आणि मधल्या तीन परीकथा जॉर्ज पाल यानं. पाल मूळचा हंगेरीचा, लाकडी बाहुल्यांना चित्राचित्रानं हलवून बोलपट बनवणारा कारागीर. लॉरेन्स हार्वे हा विल्हेल्म झाला, कार्ल बोम याकोब आणि क्लेअर ब्लूम विल्हेल्मची बायको डोरोथिया. सिनेमाचं चित्रण सिनेरामा पद्धतीनं झालं: एकाच दृश्याचे तीन फितींवर तीन तुकडे, आणि दाखवताना तीन प्रोजेक्टर मिळून एका भल्यामोठ्या वक्र पडद्यावर ते जोडायचे. बघणाऱ्याला आपण दृश्याच्या आतच बसलोय असं वाटावं, हा हेतू. त्याची किंमतही होती. तीन तुकडे जिथे मिळतात तिथे दोन उभ्या रेषा थरथरत राहायच्या, म्हणून दिग्दर्शक त्या जागी एखादं झाड, एखादा खांब आणून ठेवायचे. अशा तीन फितींवर कथापट फक्त दोनच झाले. एक हा आणि दुसरा त्याच वर्षीचा ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’. खर्चाचं गणितच जुळेना. पुढे ग्रिमची मूळ फीत इतकी खराब झाली, की हा सिनेमा आता धड बघायला मिळणार नाही असंच धरून चाललं होतं. २०२२ मध्ये ती दुरुस्त होऊन बाहेर आली, त्यामुळे आज तो पाहता येतो आणि त्याच्यावर लिहिता येतं.

इतिहास म्हणून तो पाहू नये. खऱ्या आयुष्यात दोघेही भाऊ पंडित होते आणि दोघांनीही गोष्टी गोळा केल्या. सिनेमानं मात्र एकाला कोरडा व्याकरणकार आणि दुसऱ्याला पोरांत रमणारा स्वप्नाळू करून टाकलं आहे. त्यांना एका सरदाराच्या घराण्याचा इतिहास लिहायला बसवलंय, तीही पदरची भर. परीकथांनाही बराच साखरेचा पाक आहे. ‘गाणारं हाड’ ही ग्रिमांची गोष्ट मुळात अंगावर येणारी. भाऊ भावाला मारतो, पुढे मेलेल्याच्या हाडाची पिपाणी होते आणि ती खून गाऊन सांगते. सिनेमात भावांच्या जागी भित्रा सरदार आणि त्याचा नोकर आले, त्यांना हसवणारे नट दिले आणि शेवटी नोकराला जिवंतही केलं. ग्रिमांच्या पुस्तकात मेलेला मेलेलाच राहतो. बारा राजकन्यांच्या नाचाची गोष्ट एका राजकन्येवर आणली, ते मात्र शोभून दिसतं. आणि मोच्याची गोष्ट, जिच्यात पालच्या बाहुल्या रात्रीत जोडे शिवून ठेवतात, ती आजही चार लेकरं जमवून दाखवावी इतकी ताजी आहे.

तरीही या सिनेमात दोन जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी बाकी सगळं माफ करावं. पहिली जागा जंगलातल्या म्हातारीची. ती पोरांना गोष्टी सांगते अशी कुणकुण लागल्यावर विल्हेल्म ओढा ओलांडून जातो आणि आडोशाला उभा राहून ऐकतो. त्या ओढ्यात सरदारासाठी लिहिलेलं बाड वाहून जातं, भिजल्यामुळे तो तापानं फणफणतो. मग दुसरी जागा येते. तापाच्या भरात त्याच्या खाटेभोवती न लिहिलेल्या गोष्टींतली पात्रं गोळा होतात आणि गयावया करतात, की तू मेलास तर आम्ही जन्मालाच येणार नाही. घराण्याचा इतिहास गेला तरी चालेल, गोष्टी जाता कामा नयेत, असं हा सिनेमा इथं तोंड उघडून म्हणतो. ते त्याला कळलं, एवढ्यानंच मी त्याच्या बाजूचा झालो. एकच खटकतं. पात्रं विल्हेल्मकडे जीवदान मागतात, म्हातारीकडे मागत नाहीत. गोष्टी तर तिच्या ओठांवर होत्या. विल्हेल्म मेला असता तरी दुसऱ्या दिवशी पोरं तिच्या दारात बसलीच असती.

प्रत्यक्षात ग्रिमांनी आडून फारसं ऐकलं नाही. लोक त्यांच्याकडे येत. कासेल गावात शेजारी औषधवाल्या विल्ड यांचं घर होतं, त्या घरातल्या मुली गोष्टी सांगत आणि त्यांतल्याच एकीशी, डोरोथियाशी, विल्हेल्मनं १८२५ मध्ये लग्न केलं. हासेनफ्लुग घराण्यातल्या सुशिक्षित बहिणी होत्या. आणि डोरोथिया फीमान नावाची शिंप्याची बायको होती. खानावळवाल्याची ही लेक बापाच्या खानावळीत येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंच्या गोष्टी ऐकत वाढली, म्हातारपणी कासेलच्या बाजारात भाजीपाला विकायला यायची आणि येता-जाता ग्रिमांकडे टेकायची. गोष्ट सांगताना कुठे चूक झाली की स्वतःच थांबून दुरुस्त करायची, पुन्हा सांगायला लावली तर तीच सांगायची, याचं ग्रिमांना फार अप्रूप. पहिला भाग १८१२ मध्ये आला, दुसरा १८१५ मध्ये, आणि त्याच वर्षी फीमान वारली. पुढच्या आवृत्तीत त्यांच्या चित्रकार भावानं काढलेलं तिचं चित्र छापलं. पण मुखपृष्ठावर नाव भावांचंच राहिलं आणि जग त्या गोष्टींना ग्रिमच्या गोष्टी म्हणतं. फीमानच्या गोष्टी कुणी म्हणत नाही.

आता आपल्याकडचं. गोष्ट सांगणाऱ्यावरची सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात भेदक गोष्ट मराठवाड्यातच घडते. पैठणात, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानात, सातवाहनांच्या दरबारी. गुणाढ्याची. त्याची ‘बृहत्कथा’ आज नाही. तिच्यावरून बेतलेले ग्रंथ आहेत. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी ‘कथासरित्सागर’ लिहिला, आणि त्याच्या सुरुवातीलाच ‘बृहत्कथा’ जन्माला कशी आली ते सांगितलं. वेताळानं विक्रमाच्या खांद्यावरून सांगितलेल्या पंचवीस गोष्टीही त्याच सागरातल्या.

पार्वतीनं शंकराकडे हट्ट धरला, की कुणीही कधी न ऐकलेली गोष्ट मला सांगा. शंकरानं दार लावून घेतलं, नंदीला पहाऱ्यावर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. पुष्पदंत नावाच्या गणाला राहवेना. तो योगबळानं नकळत आत शिरला आणि सगळं ऐकून बाहेर आला. ऐकलेलं पोटात ठेवणं त्याला जमलं नाही. घरी जाऊन बायकोला, जयेला सांगितलं. जया पार्वतीची दासी. तिलाही राहवेना, तिनं जाऊन पार्वतीलाच ती गोष्ट ऐकवली. पार्वती शंकरावर कडाडली, तुम्ही मला नवी म्हणून सांगितलीत ती तर दासीबटकींनाही पाठ आहे! मग खरं कळलं, आणि पुष्पदंताला पृथ्वीवर जन्म घेण्याचा शाप मिळाला. त्याच्यासाठी रदबदली करायला गेलेल्या माल्यवान नावाच्या गणालाही तोच. पुष्पदंत झाला वररुची, माल्यवान झाला गुणाढ्य. वररुचीनं ती कथा विंध्यात काणभूती नावाच्या पिशाचाला सांगायची, काणभूतीनं गुणाढ्याला, आणि गुणाढ्यानं जगाला. हा उःशाप.

पैठणला गुणाढ्य राजाचा मंत्री होता. राजाचं संस्कृत कच्चं, त्यावरून जलक्रीडेच्या वेळी राणीनं त्याला टोमणा मारला आणि तो खोलीत जाऊन पडला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्यानं पैज लावली: तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडून देईन. शर्ववर्म्यानं करून दाखवलं. गुणाढ्य मुका होऊन जंगलात गेला, तिथं पिशाचांची भाषा शिकला आणि काणभूतीच्या तोंडून ऐकलेली कथा त्याच भाषेत सात वर्षं लिहीत बसला. सात लाख श्लोक. रानात शाई कुठली? स्वतःच्या रक्तानं लिहिलं.

शिष्यांनी ते बाड राजाकडे नेलं. राजानं पाहिलं, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. घेऊन जा म्हणाला. गुणाढ्यानं टेकडीवर कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून अग्नीत टाकायला लागला. शिष्य रडत होते. रानातली हरणं, डुकरं, रेडे चरणं सोडून त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले आणि ऐकू लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं आहे. आचारी म्हणाले, पारध्यांनी तसंच आणलं. पारधी म्हणाले, जनावरं खात-पीत नाहीत, एक बामण रानात काहीतरी वाचून पानं जाळतोय ते ऐकत उभी आहेत. तेव्हा राजा धावत गेला. सहा लाख श्लोक जळून गेले होते, राहिला एक लाखाचा भाग, नरवाहनदत्ताचा. तेवढीच ‘बृहत्कथा’ जगाच्या हाती लागली.

ऐतिहासिक गुणाढ्य कधी झाला, यावर पंडितांनी बरंच काही लिहिलंय, त्या वादात इथं शिरत नाही. मला यात दिसतो तो ऐकणाऱ्यांचा हिशोब. पहिला ऐकणारा चोर, आणि त्याला शाप. पण शाप हेच गोष्टीचं वाहन. पुष्पदंत आडून ऐकता ना, तर गोष्ट कैलासावरच्या एका बंद खोलीत संपली असती. राजा ऐकत नाही तेव्हा सहा लाख श्लोकांची राख होते. डुकरं आणि रेडे ऐकतात तेव्हाच उरलेलं वाचतं, तेही राजाच्या पोटदुखीमार्फत. ग्रिमांच्या सिनेमात लिहिणाऱ्याच्या खाटेभोवती पात्रं जमतात. पैठणच्या गोष्टीत लिहिणाऱ्याभोवती श्रोते जमतात. माझा कौल पैठणकडे.

देगलूरच्या गोष्टींकडे या डोळ्यांनी पाहावं अशी माझी विनंती आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं निजामाबादच्या बाजूला गेली, बाकीचा तालुका मुंबई राज्यात आला. कागदावर रेघ पडली. सोयरीक, बाजार आणि देवाच्या जत्रा होत्या तिथेच राहिल्या. बिचकुंद्याची लेक देगलूरला नांदायला येते, तेव्हा रुखवताबरोबर चार तेलुगू गोष्टीही येतात. औरादकडून आलेली असेल तर कानडी. मोहल्ल्यातल्या बुआ आणि खाला दखनीत बादशहाची गोष्ट सांगतात. सासूच्या मराठी गोष्टीतलं आटपाट नगर आणि सुनेच्या तेलुगूतला राजा दोन पिढ्यांत एकाच वसरीवर बसलेले दिसतात. नातवाला विचारलं, ही गोष्ट कुठली, तर तो म्हणतो आजीची. बरोबरच आहे त्याचं.

इकडे गोष्ट ऐकण्याची रीतही सांगण्याइतकीच पक्की. सुगी उरकलेली, जेवणं झालेली, माळवदावर गोधड्या पडलेल्या. आजी गोष्ट सुरू करायच्या आधी एका लेकराला नेमते: तू हुंकार भर. प्रत्येक वाक्याला त्यानं ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ ला उशीर झाला की आजी थांबते. दोनदा थांबली की तिसऱ्यांदा म्हणते, झोपलं का गं ते? आणि पोरगं झोपेतूनच ‘हं’ म्हणतं. तेलुगूतही ही रीत आहे, ‘ऊ कोट्टडं’ म्हणतात. हुंकाराशिवाय गोष्ट सांगितली तर वाटेवरचा मामा वाट चुकतो, अशी धाकदपटशाची समजूतही ऐकायला मिळते. त्यामुळे आजी तिसऱ्यांदा थांबली की सगळी पोरं मिळून हुंकार भरतात.

हेच व्यावसायिक सांगणाऱ्यांकडे जास्त घोटून आलेलं दिसतं. गोंधळात नायकाच्या शेजारी झीलकरी असतो, तो मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारून कथा पुढे ढकलतो. सीमेवर फिरणारे बुडगा जंगम तेलुगू बोलतात. त्यांच्या परंपरेतल्या बुर्रकथेत एक मुख्य सांगणारा तंबोरा घेऊन उभा, त्याच्या दोन्ही बाजूंना ढोलक्या घेतलेले दोघे. त्यातला एक हसवतो, दुसरा गावच्या-राज्याच्या भानगडींवर टोमणे मारतो आणि दोघे मिळून पालुपद धरतात. म्हणजे ऐकणारा मंचावरच उभा केलेला. या फिरत्या जमातींच्या जगण्याकडे आणि कलांकडे आपल्या अभ्यासकांनी फार उशिरा वळून पाहिलं. औरंगाबादच्या डॉ. प्रभाकर मांडे यांनी ‘गावगाड्याबाहेर’ लिहून त्यांना पुस्तकात जागा दिली, ते ऋण मराठवाड्यानं विसरू नये. कीर्तनाबद्दल तर देगलूरला सांगायला नकोच. देगलूरकर हे नाव वारकऱ्यांच्या कानी पडतं ते धुंडा महाराजांच्या ज्ञानेश्वरीवरच्या निरूपणामुळे, आणि कीर्तनकाराच्या पाठीशी टाळकरी उभे नसतील तर दृष्टांत रंगत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

छापील गोष्टींचं एक बिऱ्हाडही या सीमेवर फार लवकर आलं. ‘चंदामामा’ हे मासिक मद्रासला १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. त्याचा मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून. खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम आपल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे उभा आहे, तो शंकर या चित्रकाराच्या रेघेतून. ‘चंदामामा’ काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनीच विजया ही सिनेमा कंपनीही चालवली. तिचा १९५१ चा ‘पाताळ भैरवी’ मी ग्रिमच्या सिनेमाशेजारी बेलाशक ठेवतो. के. व्ही. रेड्डी यांचं दिग्दर्शन, माळ्याचा पोर एन. टी. रामाराव, नेपाळचा मांत्रिक एस. व्ही. रंगाराव. मागची प्रेरणा मधिर सुब्बण्ण दीक्षितुलु यांच्या ‘काशी मजिली कथलु’ या पुस्तकाची. त्या पुस्तकात काशीला निघालेला गुरू दर मुक्कामी शिष्याला एक गोष्ट सांगतो. चालून चालून कंटाळलेला शिष्य गोष्टीच्या लोभानं पुढच्या मुक्कामापर्यंत पाय ओढतो. पुन्हा ऐकणारा आलाच. सिनेमात मात्र गुरू-शिष्य कुठे दिसत नाहीत, सरळ मांत्रिकच उभा राहतो. आणि खरं सांगायचं तर रंगाराव पडद्यावर असताना त्या दोघांची आठवणही होत नाही.

दख्खनच्या गोष्टींत सांगणारीचं नाव राहिलं, अशी एक जागा मला विशेष महत्त्वाची वाटते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर १८६५ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर मुलगी मेरी. तंबूत करमेना, तेव्हा तिनं आपल्या आयेला, अॅना लिबेराता डिसूझा हिला, गोष्ट सांगायला लावली. मूळचं लिंगायत आणि पुढे ख्रिस्ती झालेलं हे घराणं. अॅनाला गोष्टी दिल्या तिच्या आजीनं. त्यातून १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. पहिलीच गोष्ट पोपटात जीव ठेवलेल्या मांत्रिकाची. नाव अर्थातच मेरी फ्रीअरचं छापलं, पण पुस्तकाच्या आरंभी अॅनाची स्वतःची हकिगत तिच्या शब्दांत दिली: आजी कशी होती, पगार किती, महागाई किती. फीमानला जे चित्रात मिळालं, त्याहून जास्त अॅनाला शब्दांत मिळालं. या पुस्तिकेच्या संपादकांनी तोच कित्ता गिरवला आहे. प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याची ओळख, गाव आणि ती कोणत्या भाषेत ऐकली हे दिलंय, त्यांच्या परवानगीनं.

भाषा घासूनपुसून काढायची की नाही, यावर मात्र आमची वादावादी झाली. ग्रिमांचाच दाखला दोन्ही बाजूंनी आला. १८१२ च्या पुस्तकात राजकन्येला मारायला निघालेली आई सख्खी होती, पुढच्या आवृत्तीत तिची सावत्र झाली. रापुन्झेल भाबडेपणानं म्हणाली होती की माझे कपडे अलीकडे घट्ट का होताहेत; लोकांनी नाकं मुरडल्यावर ते वाक्यही गेलं. विल्हेल्म १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत हात फिरवत राहिला आणि गोष्टी अधिक गोड होत गेल्या. आम्ही शेवटी हात आवरला. भावजया नणंदांना विहिरीत ढकलतात, सासवा राख कालवतात, आणि एक आई तर सरळ स्वतःचं पोर राक्षसाला देऊन मोकळी होते. ते सगळं तसंच आहे. शिव्या आहेत. दखनी गोष्टींतले उर्दू शब्द आणि तेलुगू गोष्टींतली हाक मारायची पद्धत तशीच ठेवली. मध्ये लेकरांनी विचारलेले प्रश्नही गाळले नाहीत. पोपटाच्या गोष्टीत एका पोरीनं विचारलंय, की राक्षस इतके दिवस बाहेर होता तर पिंजऱ्यातल्या पोपटाला दाणे कोण घालत होतं? सांगणारीनं गोष्ट थांबवून त्याचं उत्तर देण्यात अर्धं पान खर्च केलंय: राक्षसाची एक म्हातारी मावशी होती, तिला कमी दिसायचं, म्हणून ती जोंधळ्याऐवजी कधी कधी खडे टाकायची. ही मावशी मेरी फ्रीअरच्या पुस्तकात नाही.